मस्तानीला घर कोणी नाकारले?



गेल्या काही दिवसांत आमच्या वाचक भगिनींकडून एकच प्रश्न दोन-तीन वेळा आला. मुलगी कॉलेजात जाते, वाचनालयातून ऐतिहासिक प्रेमाच्या कादंबऱ्या आणते आणि रात्री उशिरापर्यंत वाचत बसते. राजेराण्यांच्या, पेशव्यांच्या या गोष्टी आपल्या मुलींनी वाचाव्यात का? त्यातून डोक्यात भलते खूळ तर शिरणार नाही ना? काही बांधवांचा आक्षेप निराळा आहे. ते म्हणतात, पेशवाईशी आपला काय संबंध? ज्या राज्यात आपल्या पूर्वजांच्या गळ्यात मडके होते, त्या राज्यातल्या प्रेमकथा आपण कशाला वाचायच्या?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आमचे उत्तर मात्र साधे आहे. मुलींनी वाचाव्यात, आईबापांनीही वाचाव्यात. फक्त डोळे पुसून पुस्तक मिटायचे नाही. पुस्तक मिटल्यावर एक प्रश्न विचारायचा: या बाईला प्रेम तर मिळाले, मग घर का मिळाले नाही?

मराठी घराघरांत गेलेल्या अशा दोन कादंबऱ्या आहेत. एक रणजित देसाई यांची 'स्वामी', १९६२ सालची. दुसरी ना. सं. इनामदार यांची 'राऊ', १९७२ सालची. इनामदार १९९७ साली अहमदनगरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. 'स्वामी' ही माधवराव पेशवे आणि रमाबाई यांची, तर 'राऊ' ही बाजीराव आणि मस्तानी यांची कथा. दोन्ही कादंबऱ्यांची नावे पुरुषांवरून आहेत, हे जाता जाता ध्यानात घ्यावे. आज आम्ही प्रामुख्याने 'राऊ'तल्या मस्तानीविषयी लिहिणार आहोत. स्वतःच्या मताने चालणाऱ्या बाईला प्रेम सापडते, आणि पुढे तिचे काय होते, याचा इतका स्पष्ट दाखला आपल्या इतिहासात दुसरा क्वचितच सापडेल.

आधी इतिहास पाहू. १७२९ साली महंमदखान बंगशाने बुंदेलखंडचा राजा छत्रसाल याला जैतपूरला कोंडीत धरले. वृद्ध छत्रसालाने बाजीरावाकडे मदत मागितली. बाजीराव फौज घेऊन गेला आणि छत्रसाल सुटला. उपकाराची फेड म्हणून छत्रसालाने आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा बाजीरावाला देऊ केला. मस्तानी बाजीरावाच्या आयुष्यात आली ती याच सुमारास. ती छत्रसालाची मुसलमान पत्नीपासून झालेली मुलगी होती, असे एक परंपरा सांगते. दुसरी परंपरा तिला कलावंतीण म्हणते. आम्हाला यात एक गोष्ट दिसते. पुरुष कोण होता याची वंशावळ पिढ्यान् पिढ्या जपली जाते. बाई कोण होती हे ठरवताना मात्र आधी तिची अब्रू तोलली जाते. छत्रसाल प्रणामी पंथाच्या प्राणनाथांचा शिष्य होता. या पंथात कुराण आणि पुराण दोन्हींचा आदर होता. अशा मुलखातून आलेली ही बाई पुण्याला आली, तेव्हा आपण कोणत्या वाड्यात पाऊल ठेवतो आहोत याची तिला कितपत कल्पना असेल?

मस्तानी घोड्यावर बसत असे, हत्यार चालवीत असे, गाणे-नाचणे जाणत असे, असे वर्णन करतात. शनिवारवाड्यात तिच्यासाठी महाल होता. पुढे कोथरूडला तिचा वेगळा महाल झाला. त्याचा भाग आज पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहायला मिळतो. पुणे जिल्ह्यातले पाबळ गाव तिला इनाम होते. तेव्हा तिला खायला नव्हते, राहायला नव्हते असे कोणी म्हणू नये. आपल्या आया-आज्यांनी जे भोगले त्याची आणि तिच्या दुःखाची बरोबरी आम्ही करीत नाही. पण महाल वेगळा आणि घर वेगळे. महाल बाजीरावाने दिला. घर देणे त्याच्या एकट्याच्या हातात नव्हते.

१७३४ साली त्यांना मुलगा झाला. बाजीरावाच्या मनात त्याचे नाव कृष्णराव ठेवून मुंज करावी असे होते, आणि पुण्याच्या ब्रह्मवृंदाने ती नाकारली, असे सांगतात. तो मुलगा समशेर बहादूर या नावाने वाढला. १७४० च्या प्रारंभी पेशव्यांच्या घरात रघुनाथरावाची मुंज आणि सदाशिवरावाचे लग्न निघाले. मस्तानीच्या संबंधामुळे बाजीराव हजर असेल तर आम्ही कार्य करणार नाही, अशी अडचण भटजींनी उभी केल्याचे इतिहासकार लिहितात. त्याच जानेवारीत बाजीराव नासिरजंगावरील मोहिमेत गुंतलेला असताना धाकटा भाऊ चिमाजी आप्पा आणि मुलगा नानासाहेब यांनी मस्तानीला पुण्यात कैदेत टाकले. सातारला शाहू छत्रपतींनी मात्र तिला जबरदस्तीने अडकवू नये, बाजीरावाला दुखवू नये, असे मत दिले होते. म्हणजे राजाची हरकत नव्हती. हरकत होती ती घराची आणि घरावर वचक असणाऱ्या जातीची.

२८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडी येथे बाजीराव वारला. वय चाळीसच्या आत. उत्तरेपर्यंत ज्याच्या घोड्यांच्या टापा वाजल्या, त्याला स्वतःच्या वाड्यात आपल्या माणसाला बसवता आले नाही. त्याच्यामागोमाग लवकरच मस्तानीही गेली. कोणी म्हणतात विष घेतले, कोणी म्हणतात शोकाने गेली. तिची कबर शिरूर तालुक्यातल्या पाबळला आहे.

मागे राहिलेल्या सहा वर्षांच्या पोराला बाजीरावाची पत्नी काशीबाई यांनी सांभाळले, असे सांगतात. या कथेत काशीबाईंचे दुःखही थोडके नाही. नवऱ्याने दुसरी बाई आणली आणि त्यांना कोणी विचारले नाही. प्रेमकथा वाचताना आपण नायिकेच्या बाजूने इतके उभे राहतो की घरातली दुसरी बाई दिसेनाशी होते. एका पुरुषाला एकाच वेळी दोन बायका करता येणार नाहीत, हा नियम हिंदू विवाह कायद्यात १९५५ साली आला. त्याच्या मुळाशी असलेल्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेब झगडले आणि १९५१ साली त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. तेव्हा मस्तानीची बाजू घेताना काशीबाईंची बाजू विसरायची नाही, ही शिकवणही बाबासाहेबांचीच आहे.

आणि तो मुलगा? ज्याला मुंज नाकारली, तो समशेर बहादूर १७६१ साली पानिपतावर पेशव्यांच्या बाजूने लढला, जखमी झाला आणि डीग येथे सत्तावीस वर्षांचा असताना मेला. पंगतीला चालत नाही, पण रणात मरायला चालतो! ही रीत आपल्या समाजाला नवीन नाही. महार पलटणींचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आम्ही वेगळे काय सांगावे? त्याचेच वंशज पुढे बांद्याचे नवाब झाले, आणि १८५७ साली त्यांच्यातला अली बहादूर इंग्रजांविरुद्ध उभा राहिला.

आज मस्तानी सर्वांना आवडते. २०१५ च्या डिसेंबरात तिच्यावर हिंदी चित्रपट आला. 'राऊ'वरून घेतलेला तो चित्रपट लोकांनी रांगा लावून पाहिला. त्यात काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतात म्हणून वादही झाला. पुण्यात तर आइस्क्रीम घातलेल्या थंड दुधालाच मस्तानी म्हणतात. जिवंतपणी जिला उंबऱ्याच्या आत घेतले नाही, तिला आता ग्लासात घालून पितात! मेलेल्या बाईवर प्रेम करणे फार सोपे असते. ती काही आपल्या मुलासाठी सोयरीक मागायला येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दोष कोणाचा? कादंबरी वाचणारा सहसा एक माणूस शोधतो. कोणी चिमाजीला दोष देतो, कोणी मातोश्री राधाबाईंना, कोणी नशिबाला. आम्हाला वाटते, या प्रश्नाचे उत्तर कादंबरीत नाही. ते पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने न्यूयॉर्कमध्ये दिलेले आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात बाबासाहेबांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, जातीचा प्राण म्हणजे जातीतच लग्न करणे. जातीच्या बाहेर लग्न होऊ लागले की जात राहत नाही. म्हणून जात टिकवायची तर बाईवर पहारा ठेवावा लागतो. नवरा मेला की बाई 'जादा' होते. ती दुसऱ्या जातीत लग्न करील ही भीती. म्हणून एकतर तिला जाळायचे, नाहीतर तिचे केस कापून कोपऱ्यात बसवायचे. पुरुष जादा झाला तर त्याला जाळता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी लहान पोरगी बायको म्हणून आणायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही चाली एकाच कुलुपाच्या तीन किल्ल्या आहेत.

हा निबंध शेजारी ठेवा आणि मग त्या दोन कादंबऱ्या पुन्हा वाचा. 'स्वामी'तल्या रमाबाई १७७२ साली थेऊरला माधवरावांबरोबर सती गेल्या. 'राऊ'तली मस्तानी कैदेत पडली आणि बाजीरावामागे संपली. पहिली जातीतली, लग्नाची, सर्वांच्या आवडीची. दुसरी जातीबाहेरची, स्वतःच्या मनाची, कोणाला नको असलेली. शेवट मात्र दोघींचा सारखाच! चांगली बाई जळाली, स्वतंत्र बाई कोंडली गेली. आपण दोघींसाठी रडलो आणि दोन्ही वेळा 'काय हे प्रेम!' म्हणालो. हे प्रेम नव्हते, हा नियम होता. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि मंडळाने सभाच रद्द केल्यामुळे स्वखर्चाने छापलेल्या भाषणात बाबासाहेबांनी जात मोडण्याचा खरा उपाय मिश्रविवाह हाच सांगितला. त्यांच्या लेखी सहभोजन पुरेसे नव्हते.

आणि त्यांनी ते स्वतः करून दाखविले. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत राहत्या घरी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. त्याच आपल्या माईसाहेब, डॉ. सविता आंबेडकर. १९०९ साली जन्मलेल्या, सारस्वत ब्राह्मण घरातल्या, त्या काळात एम.बी.बी.एस. झालेल्या, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या बाई. विचार करायला वेळ घेऊन, थोरल्या भावाशी बोलून त्यांनी स्वतःचा निर्णय स्वतः घेतला. त्यांच्या आठ भावंडांपैकी सहा जणांचे विवाह आंतरजातीय झाले आणि घरच्यांनी विरोध केला नाही, हे त्यांनीच सांगितले आहे. बघा, मस्तानीच्या कथेत जे घर नव्हते ते इथे होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली.

पण कथा इथे संपत नाही. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर समाजातल्या अनेकांनी त्यांच्यावर संशय घेतला. मृत्यू नैसर्गिक असल्याचे सरकारी चौकशीत निष्पन्न झाले, तरी कुजबुज थांबली नाही. ब्राह्मणाची मुलगी, हे एकच कारण अनेकांना पुरले. कित्येक वर्षे त्या समाजापासून दूर, एकाकी राहिल्या. दलित पँथरच्या काळात तरुण कार्यकर्त्यांनी त्यांना पुन्हा लोकांत आणले. १४ एप्रिल १९९० रोजी बाबासाहेबांचा भारतरत्न सन्मान त्यांनीच राष्ट्रपतींच्या हस्ते स्वीकारला. त्याच वर्षी त्यांचे 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' हे पुस्तक आले. २००३ साली त्या गेल्या. जे पुण्याच्या ब्रह्मवृंदाने मस्तानीशी केले, तेच जात बघून माणूस पारखण्याचे काम आपल्यातल्या काहींनी माईसाहेबांशी केले. हे वाचून कोणाला राग येईल. येऊ द्या. उंबरा कोणाचाही असो, त्यावर जात लिहिलेली असली की तो पेशव्यांच्याच वाड्याचा उंबरा होतो.

दूर कशाला, आमच्या शुक्रवार पेठेजवळचीच एक हकीकत सांगतो. नावे मुद्दाम देत नाही. एक बौद्ध कुटुंब. मुलगी नर्स, कमावती. तिने मुलगा निवडला तो पद्मशाली समाजातला, यंत्रमागावर राबणाऱ्या बापाचा लेक, घरात तेलुगू बोलणारा. सोलापुरात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू अशा चार भाषा नांदतात. बाजारात, कारखान्यात, मोर्चात आपण सगळे एक. सोयरीक निघाली की मात्र चार भाषांत एकच उत्तर मिळते, नाही! तसेच झाले. मुलाकडचे नाही म्हणाले, ते अपेक्षितच होते. मुलीचे वडीलही नाही म्हणाले. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे असणारा माणूस. घरी ग्रंथांचे कपाट. आम्ही बोलायला गेलो तर म्हणाले, "भाऊ, तुमचं बरोबर आहे की ओ. पण पाव्हण्यारावळ्यांत तोंड कसं दाखवायचं? धाकटीचं कसं जमणार?"

आम्ही त्यांना पुस्तकातले काही ऐकवले नाही. त्यांना सर्व पाठ होते. बोलली ती मुलीची आजी. ती तरुणपणी गिरणीत कामाला होती. ती मुलाला म्हणाली, "माझं लगीन ठरवताना मला कुणी इचारलं नव्हतं. तुझ्या बहिणीला तू इचारलं नव्हतंस. हिनं आपणहून सांगितलं तर तुझं काय गेलं रं?" शेवटी नोंदणी विवाह झाला. तीन साक्षीदारांत एक सही आजीची होती. वडील आले नाहीत. आजही ते मुलीच्या घरी गेलेले नाहीत, मात्र फोनवर बोलणे सुरू झाले आहे. पूर्ण सुखान्त आम्ही सांगू शकत नाही. पण इथे कोणी कोंडले गेले नाही, कोणी मेले नाही, आणि एका बाईने आपल्या नातीसाठी आतून कडी काढली. आमच्या लेखी हे कोणत्याही कादंबरीपेक्षा थोर आहे.

ज्या घरांत असा प्रसंग आहे त्यांच्यासाठी कायद्याच्या चार गोष्टी. विशेष विवाह कायदा १९५४ सालचा आहे. मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण हवे. दोघांपैकी एक जण निदान तीस दिवस त्या जिल्ह्यात राहत असावा. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती तीस दिवस फलकावर लागते, आणि विवाहाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. नोटिशीच्या या महिन्यातच घरात आकांडतांडव होते, म्हणून आधी घरच्यांशी बोलून ठेवावे आणि विश्वासाची माणसे जोडावीत. मागासवर्गीय आणि सवर्ण यांच्या आंतरजातीय विवाहास राज्य सरकारने २०१० साली साहाय्य वाढवून पन्नास हजार रुपये केले. त्याची चौकशी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करावी. दोन सज्ञान माणसांच्या विवाहात जातपंचायतीला वा जमावाला ढवळाढवळ करण्याचा काहीही अधिकार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात स्पष्ट केले आहे. सामाजिक बहिष्कार घालणे हा तर महाराष्ट्रात स्वतंत्र कायद्याने गुन्हा आहे. मस्तानीला यातले काहीच नव्हते. आपल्या लेकींना आहे. कायद्याने दिलेले घराने हिरावून घेऊ नये, एवढेच मागणे.

तेव्हा भगिनींनो, मुलगी 'राऊ' वाचत असेल तर वाचू द्या. तिच्या हातातले पुस्तक काढून घेऊ नका. तिचे वाचून झाले की तुम्हीही वाचा. मग दोघी मिळून तीन प्रश्नांवर बोला. या बाईची निवड कोणी विचारली? तिला अडवणाऱ्यांना कशाची भीती होती? आणि आपल्या घरी ती आली असती तर आपण काय केले असते? तिसऱ्या प्रश्नाला वडिलांनाही बोलवा. प्रेमाने खूळ लागते ही भीती सोडा. ज्या घरात मुलगी आपल्या मनातले आईबापांना सांगू शकते, त्या घरातून तिला रात्री पळून जावे लागत नाही. आणि मुलगी चुकीचा मुलगा निवडते आहे असे वाटले तर अवश्य सांगा. तो दारू पितो का, कमावतो का, हुंडा मागतो का, बाईवर हात उगारतो का, हे सारे तपासा. जात मात्र त्या यादीत नको.

बाईला प्रेम मिळते की नाही, हे तिच्या आणि त्याच्या हातात असते. त्या प्रेमाला घर मिळते की नाही, हे आपल्या हातात आहे. १७४० साली पुण्याच्या वाड्याने आपले उत्तर दिले. आपापल्या घराचे उत्तर आपण द्यायचे आहे.

जयभीम!